आक्कासाठी स्लीव्ह की बायपास?

प्रश्न विट्याहून आला आहे. थोडक्यात असा: "माझी थोरली बहीण तासगावला दिली आहे. वय ४२, उंची पाच फूट एक इंच, वजन ११८ किलो. शुगर सहा वर्षांपासून आहे, गेल्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणून रोज घेते. रात्री छातीत जळजळतं, दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही आणि घोरणं अख्ख्या घराला ऐकू जातं. आक्का माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. वजन उतरवायला एका डॉक्टरांनी जठराचं स्लीव्ह नावाचं ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी जठराचाच मिनी बायपास. पाहुण्यांतलं कुणी पोटात फुगा बसवा म्हणतं, तर भाचा म्हणतो आता इंजेक्शनं आली आहेत, ऑपरेशन कशाला? सगळ्यांत जास्त वजन कशानं उतरतं?"

दादा, तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. सांगली-मिरजेत या शस्त्रक्रिया करताना माझ्यासमोर बसणारी बहुतेक माणसं हाच प्रश्न विचारतात. त्याला उत्तर आहे, पण निवड त्या उत्तरावर करू नका. का, ते आकड्यांत दाखवतो.

फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर एक अभ्यास झाला. कुणाची स्लीव्ह करायची आणि कुणाचा बायपास, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं, डॉक्टरांच्या आवडीवर सोडलं नव्हतं. त्याचे दहा वर्षांनंतरचे निकाल २०२२ मध्ये आले. जादा वजनापैकी स्लीव्हच्या गटात सुमारे ४४ टक्के आणि बायपासच्या गटात सुमारे ५१ टक्के वजन उतरलेलं राहिलं. आता हे आक्काला लावू. तिच्या उंचीला ६० किलोच्या आसपास वजन ठीक, म्हणजे जादा वजन ५८ किलो. या हिशेबानं दहा वर्षांनी स्लीव्हनंतर ती साधारण ९२ किलोवर असेल आणि बायपासनंतर ८८ वर. पहिल्या दीड वर्षात दोन्हींत याहून बरंच जास्त उतरतं, मग थोडं परत चढतं. परदेशातली सरासरी आपल्या माणसाला तंतोतंत लागू होत नाही हे खरं, पण फरकाचा अंदाज येतो. चार किलो. एवढ्यासाठी एक पद्धत सोडून दुसरी धरण्यात अर्थ नाही. आक्काची छाती जळते, शुगर आहे, ती रोज गोळी खाते आणि माळकरी आहे, या चार गोष्टी त्या चार किलोंपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत.

शस्त्रक्रिया हवीच का, हे आधी. आक्काचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४९ येतो. जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी २०२२ मध्ये जुने निकष बदलले. आता ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवतात, आणि आशियाई माणसांत पोटाची चरबी कमी वजनातही घातक ठरते म्हणून आपल्यासाठी उंबरा आणखी खाली धरतात. आक्का कुठल्याही निकषात बसते. एवढ्या वजनावर नुसतं चालणं आणि जेवण कमी करणं का पुरत नाही, याचं उत्तर शरीरात आहे. वजन उतरायला लागलं की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. आक्का आळशी आहे किंवा तिचा जिभेवर ताबा नाही असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते आजपासून थांबवा. तिच्यावर तो अन्याय आहे.

आता स्लीव्ह म्हणजे नेमकं काय करतो ते सांगतो. पोटावर चार-पाच लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून काम चालतं. भूलतज्ज्ञ तोंडावाटे बोटाएवढ्या जाडीची नळी जठरात सोडतात. त्या नळीच्या कडेकडेनं मी स्टेपलर लावत वर जातो. प्रत्येक वेळी स्टेपलर पिनांच्या ओळी मारतो आणि मधून कापतो. थोडं थांबून रक्त येतं का बघायचं, मग पुढचा. शेवटचा स्टेपलर अन्ननलिकेच्या अगदी जवळ येतो आणि सगळ्यांत जपून मारायचा तोच, कारण गळती झालीच तर बहुतेक वेळा तिथंच होते. जठराचा पाऊण भाग कापून बाहेर काढला जातो. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लागत नाही. जठराचा जो वरचा फुगीर भाग जातो, भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं, म्हणून नुसतं कमी मावतं असं नाही, भूकही मंदावते. कापलेला भाग परत जोडता येत नाही.

स्लीव्हचं दुखणं आहे ॲसिडिटी. रुंद जठराची अरुंद नळी झाली की आतला दाब वाढतो, आणि अन्ननलिका जठराला जिथं मिळते तिथली ॲसिड अडवणारी नैसर्गिक रचना कापताना बिघडते. त्याच फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी, केली तेव्हा स्लीव्हच्या गटात ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपासच्या गटात ७ टक्के. ज्याला आधी जळजळ नव्हती त्यालाही स्लीव्हनंतर ती सुरू होऊ शकते. आक्का तर आधीच दोन उशा घेऊन झोपते. स्लीव्हनंतर वजन उतरल्यामुळे काहींची जळजळ कमी होते हेही खरं आहे, पण त्या भरवशावर मी माझ्या बहिणीची स्लीव्ह करणार नाही. जळजळ असह्य झाली तर पुढं स्लीव्हचा बायपास करावा लागतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन, तेही आधीच्या चिकटलेल्या पोटात.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी छोटी पिशवी वेगळी करतात. लहान आतडं कापून त्याचं एक टोक या पिशवीला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या फाट्यानं येतो आणि मीटर-दीड मीटर खाली अन्नाला मिळतो. म्हणजे दोन जोड. पिशवीत ॲसिड फारसं तयार होत नाही आणि पित्त वर येऊ शकत नाही, त्यामुळे जळजळीवर याहून चांगली वजनाची शस्त्रक्रिया नाही.

शुगरवरही बायपासचं पारडं थोडं जड आहे. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचलं की जीएलपी-वन हे संप्रेरक भरपूर सुटतं, आणि शुगर वजन उतरायच्या आधीच खाली येऊ लागते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेहींवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६ किंवा त्याखाली राहिलेले लोक बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्यांत ५ टक्के. म्हणजे दोन्ही शस्त्रक्रिया औषधांच्या खूप पुढं आहेत आणि एकमेकींच्या जवळ. आक्काची शुगर सहाच वर्षांची आहे, इन्सुलिन वर्षाचं, तेव्हा आशेला जागा आहे. तिचं स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतं ते सी-पेप्टाइडच्या तपासणीवरून कळेल. शुगर कायमची गेली, असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. ती काही वर्षांनी परत येऊ शकते.

इथं एक धोका सांगून ठेवतो. ऑपरेशननंतर घरी आल्यावर जुन्याच मात्रेनं इन्सुलिन टोचलं तर शुगर धाडकन खाली जाईल. दवाखान्यातून सोडताना नवी मात्रा लिहून घ्या आणि जुनी चिठ्ठी घरातून काढून टाका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचंही तेच.

मिनी बायपासमध्ये एकच जोड असतो. १९९७ पासून ही पद्धत आहे, आपल्या देशात भरपूर होते आणि वाईट नाही. ऑपरेशन लवकर होतं, वजन चांगलं उतरतं, शुगरवर परिणाम उत्तम. पण पित्त जठराच्या पिशवीसमोरूनच जातं आणि काहींच्यात वर चढतं. जिची छाती आधीच जळते तिच्या बाबतीत मला हे नको वाटतं. दुसरं म्हणजे आतडं किती लांब वगळलं. फ्रान्समध्ये दोन्ही बायपासांची तुलना झाली, २०१९ मध्ये तिचे निकाल आले. मिनी बायपासमध्ये दोन मीटर आतडं वगळलं होतं. दोन वर्षांनी वजनात फरक नव्हता, पण जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी मिनी बायपासमध्ये जास्त होत्या. ज्या डॉक्टरांनी मिनी बायपास सांगितला त्यांना एवढंच विचारा, किती सेंटीमीटर वगळणार? दीडशेच्या आसपास म्हणाले तर बोलणं पुढं न्यायला हरकत नाही. आक्का माळकरी आहे, मटण-मासे-अंडी नाहीत, तेव्हा तिच्या आतड्याचा प्रत्येक हात मोलाचा आहे.

याच कारणानं ड्युओडिनल स्विच या सगळ्यांत ताकदवान शस्त्रक्रियेचा विचारही करू नका. वजन तिनं सर्वांत जास्त उतरतं, आणि प्रथिनं व जीवनसत्त्वंही सर्वांत जास्त वाया जातात. जठराला बांधायचा पट्टा आता जवळजवळ मागं पडला. तो सरकतो, रुततो आणि अनेकांचा काढावा लागला. फुगा ही शस्त्रक्रियाच नाही. नेहमीचा फुगा सहा महिन्यांनी काढतात आणि काढल्यावर वजन परत येतं. फार जड माणसाला ऑपरेशनयोग्य करण्यापुरता मी तो वापरतो.

भाच्याचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. टिर्झेपॅटाइड हे वजनाचं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. मोठ्या अभ्यासात सर्वांत जास्त मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्के वजन उतरलं. आक्काच्या हिशेबात ते २४-२५ किलो होतात, थोडं नव्हे. ते अभ्यासातले लोक मधुमेही नव्हते आणि मधुमेहींत उतार काहीसा कमी असतो, हे धरा. इंजेक्शन थांबवलं की वजन पुन्हा चढतं, म्हणजे ते वर्षानुवर्षं घ्यायचं. दर महिन्याचा खर्च दहा वर्षं पेलणार का, याचा हिशेब घरात बसून मांडा. बीएमआय ३२-३३ असता तर मीच आधी इंजेक्शन सांगितलं असतं. ४९ ला, शुगर आणि घोरण्यासह, ऑपरेशनचं पारडं जड आहे. ऑपरेशनआधी किंवा नंतर गरज पडली तर इंजेक्शन जोडीला घेता येतं. फक्त ते चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आठवणीनं सांगा, कारण त्यानं जठर सावकाश रिकामं होतं.

तर माझं मत सरळ सांगतो: आक्काला दोन जोडांचा बायपास. पण त्यालाही किंमत आहे, आणि ती आक्कानं स्वतः ऐकली पाहिजे.

पहिली गोष्ट गुडघ्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होतो. तो वाहतो, कधी फुटतो. बायपासनंतर या गोळ्या कायमच्या बंद. पॅरासिटामॉल चालते, आणि वजन उतरेल तसा गुडघ्यावरचा भारही हलका होतो. गावात कुणी कंबरदुखीला सुई देतो म्हणाला तरी आधी ऑपरेशनचं सांगायचं. दुसरी गोष्ट मिश्री. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी प्रत्येक बाईला एकटीला बसवून विचारतो, कारण सासऱ्यासमोर किंवा मुलासमोर कुणी हो म्हणत नाही. सकाळी दातांना, दुपारी जेवणावर, रात्री झोपताना, तळहातावर चिमूटभर घेऊन लावण्याची सवय आपल्याकडच्या कितीतरी बायकांना आहे, आणि तिला कुणी तंबाखू मानत नाही. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जोड भरत नाही, व्रण पडतो. निदान दीड महिना आधी बंद, आणि पुढं कायमची. मिश्री सुटत नसेल तर ऑपरेशनची तारीख पुढं ढकला.

तिसरी गोष्ट वर्षांनंतरची. वजन उतरलं की आतड्यांमधल्या फटी मोठ्या होतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. चांगला सर्जन या फटी शिवतो, तरी धोका पूर्ण जात नाही. लक्षण काय, तर जेवणानंतर बेंबीच्या वर पिळवटून दुखणं, मळमळ, थांबून थांबून येणारी कळ. रात्री अकराला कळ आली की गावातले डॉक्टर ॲसिडिटीचं इंजेक्शन देतात, तात्पुरतं बरंही वाटतं. पण बायपास झालेल्या माणसाची अशी कळ रात्रीतच बायपास करणाऱ्या सर्जनपर्यंत पोचली पाहिजे, सोनोग्राफी नॉर्मल असली तरी. बायपास झाल्याची चिठ्ठी आक्काच्या पर्समध्ये कायम ठेवा.

आता स्वयंपाकघर, कारण खरी परीक्षा तिथं आहे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका वेळेला वाटीभरही जेवण जात नाही. पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मऊ घोटलेलं, मग हळूहळू नेहमीचं. माळकरी घरात याचं गणित असं बसतं: शंभर ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम, तीस ग्रॅम कोरड्या सोया वडीतून १५, दोन पेले दुधातून १३, घट्ट मुगाच्या वरणातून ७-८, आणि उरलेलं डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रोटीन पावडरीतून. ताटात आधी पनीर किंवा वरण, भाकरी शेवटी, तीही आमटीत कुस्करून. चमचा लहान, घास सावकाश, जेवणाबरोबर पाणी नाही. पाणी जेवणाच्या अर्ध्या तासानंतर घोटघोट. बायपासनंतर गोड चढतं. रसवंतीवरचा उसाचा पेला किंवा लागोपाठ दोन कंदी पेढे पोटात गेले की धडधड, घाम, चक्कर, जुलाब, आणि अर्धा-एक तास आडवं पडून राहावं लागतं. तासगावचे बेदाणेसुद्धा मूठभर नाहीत, चार-पाच.

एकादशीचं आवर्जून सांगतो, कारण माळकरी बायका याबद्दल मनातल्या मनात झुरतात. उपवास सुटत नाही, फक्त साबुदाण्याच्या जागी दूध, पनीर, शेंगदाण्याची आमटी घ्यायची. निर्जळी मात्र पहिलं वर्ष नको. वारीला चालत जायचं असेल तर तेही पहिल्या वर्षी नको, पुढच्या आषाढीला खुशाल जावं. आणि लग्नकार्यात "अजून एक घास" म्हणून आग्रह करणाऱ्यांना तुम्ही भाऊ म्हणून थांबवा. तिला एकटीला ते जमणार नाही.

गोळ्या जन्मभर: मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व, आणि बी-१२ ची इंजेक्शनं. शाकाहारी माणसाचं बी-१२ बहुधा आधीपासूनच कमी असतं, आणि पाळी चालू असलेल्या बाईचं लोह बायपासनंतर अनेकदा घसरतं. वर्षातून किमान एकदा रक्त तपासायचं. स्लीव्ह झाली असती तरी यातलं बहुतेक चुकलं नसतं. सतत उलट्या होत असतील तर थांबून बघू नका. बी-१ संपलं तर मेंदूवर परिणाम होतो आणि तो दिवसांत होतो. पहिल्या सहा महिन्यांत केस गळतील, ते परत येतात. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून या काळात एक गोळी देतात.

धोक्याचं विचाराल तर सरावाच्या हातात आणि नीट तयारी केलेल्या रुग्णात मृत्यूचं प्रमाण हजारात एक-दोनच्या घरात आहे. पायात रक्ताची गुठळी होणं आणि गळती ही मोठी कारणं. म्हणूनच त्याच संध्याकाळी आम्ही रुग्णाला उठवून चालवतो. आक्काचं घोरणं मला काळजीचं वाटतं. झोपेत श्वास थांबत असणार. त्याची तपासणी आधी झाली पाहिजे, आणि निघालं तर ऑपरेशनआधी काही आठवडे रात्री सीपॅप मशीन, म्हणजे हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावावं.

दुसऱ्या कुणाला मी स्लीव्हच सांगेन, हेही लिहितो, नाहीतर शेजारी हे उत्तर वाचून चुकीचं ठरवतील. जळजळ नसलेला तरुण, संधिवातामुळे ज्याच्या वेदनाशामक गोळ्या थांबवताच येत नाहीत असा रुग्ण, फिटच्या गोळ्या चालू असलेला, आतड्याचं आधी ऑपरेशन झालेला. त्यांना स्लीव्ह बरी.

विम्याचं: आक्काचं वय १८ च्या वर आहे आणि बीएमआय ४० च्या वर, तेव्हा विमा नियामकाच्या नियमात ती बसते. पण डॉक्टरांचा सल्ला आणि आधीचे उपाय फसल्याचे कागद लागतात, आणि पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ संपलेला असावा लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांच्या आहारतज्ज्ञाच्या, शुगरच्या चिठ्ठ्या शोधून ठेवा.

आता पुढचं पाऊल. दोन्ही डॉक्टरांपैकी कुणाकडंही जा, पण आधी एंडोस्कोपी करून घ्या, त्यातच एच. पायलोरी या जंतूची तपासणी. जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असेल किंवा अन्ननलिकेला जखमा असतील तर स्लीव्हचा विषय तिथंच संपतो. अन्ननलिका पूर्ण स्वच्छ निघाली तर मीही पुन्हा विचार करायला तयार आहे, कारण मग गुडघ्याच्या गोळ्यांचा मुद्दा वर येतो. सोबत सोनोग्राफी, सी-पेप्टाइड, बी-१२, लोह, डी, थायरॉइड आणि झोपेची तपासणी. रिपोर्ट आले की आक्काला घेऊन जा, आणि तिच्या घरात स्वयंपाक जी करते, सासू असो की जाऊ, तिलाही त्या दिवशी बरोबर न्या.